चाकं फिरली पाहिजेत, देव हलता कामा नये

आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या बैठकीला यंदा पहिल्यांदाच पोरी आल्या. माझी गार्गी आणि तिच्या तीन मैत्रिणी. चौघी संध्याकाळी नव्या सिमेंट रोडवर स्केटबोर्ड चालवतात आणि त्या खडखडीवरून वर्षभर बोलणी खातात. गार्गीने उभं राहून सांगितलं, यंदाचा बाप्पा स्केटबोर्डवर हवा. आणि चाकं नुसती रंगवलेली नकोत, फिरली पाहिजेत.

मी मंडळाचा अध्यक्ष. भर बैठकीत "आणतो" म्हणून बसलो. एकदा म्हटलं की मी मागे फिरत नाही. अमरावती स्टँडबाहेर सतरंजी टाकून बॅगांच्या चेनी बसवणाऱ्याने स्वतःचं बॅगांचं दुकान उगाच नाही उभं केलं.

अडचण एकच होती, वामनकाका. वय अडुसष्ट, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मंडळाची सगळी पूजा त्यांच्याकडे. ते म्हणाले, "रमेश, एकदा प्रतिष्ठापना झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती तसूभर हलवत नसतेत. अन् तू तिले चाकं लावून राहिला?"

अर्धी गल्ली काकांच्या शब्दावर चालते. ते नाही म्हणाले तर ठराव पडणार, आणि पोरी पुन्हा बैठकीला पाय ठेवणार नाहीत, हे मला दिसत होतं. म्हटलं, "काका, अकोटच्या मूर्तिकार कमलताईंना मी स्केटबोर्डचे फोटो पाठवलेत. तुम्हीच सोबत चला. तुम्हाला पटलं नाही तर ठराव मीच मागे घेतो."

सकाळी साडेसहाची अकोला गाडी पकडली. तुम्ही जाणार असाल तर हीच पकडा, दहानंतर या रस्त्यावर ऊन बसमध्ये येऊन मांडीवर बसतं. काका ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबत होता. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा आलूबोंडे खाल्ले, वरून तर्रीचा झणझणीत रस्सा मागून घ्या, आपणहून देत नाहीत.

अकोल्यात मला शाळेच्या सीझनचा माल घ्यायचा होता. म्हणून एक रात्र मुक्काम, स्टँडजवळ पंख्याची खोली आठशेला, पाणी चोवीस तास. आणि या बाजारात, एकदा नजर बसल्यावर, मला जिकडेतिकडे स्केटबोर्डच दिसायला लागले. पाण्याच्या बाटलीवर स्केटबोर्डवरचा वाघ. कंपासपेटीवर चष्मा लावलेलं अस्वल. फ्रॉकवर शिंगवाला घोडा, चारही पाय एकाच बोर्डवर कोंबलेले. पैसे साठवायच्या गल्ल्यांच्या दुकानात प्लास्टरचा पोपट, पंख पसरून बोर्डवर उभा. बेकरीच्या काचेत तर एका आजोबांच्या पंच्याहत्तरीचा केक होता आणि त्यावर टोपी उलटी घातलेला प्लास्टिकचा स्केटर!

गल्लेवाल्याला विचारलं, "हे काय आहे दादा, पोपटाच्या पायाखाली?"

"फॅशन हाय, भाऊ."

"अकोल्यात कोणी चालवतं का?"

"चालवत कोनीच नाई. खपते मात्र लय."

मी हसलो, पण जरा चपापलोच. माझ्या दुकानातसुद्धा बोर्डवरच्या माकडाची सॅक पहिली संपते. वाघ, अस्वल, पोपट, माकड सगळ्यांना बोर्डवर जागा आहे आणि कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती चार पोरी चढल्या याचीच.

काकांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणून देवाले पोपटाच्या लायनीत उभं करतं का?"

दुसऱ्या दिवशी अकोटची एसटी, दीड तासाचा रस्ता. कमलताईंची शेड एका कापसाच्या जिनिंग मिलच्या मागे आहे, हवेत सरकीचा वास. पन्नाशीच्या बाई, कोपरापर्यंत माती. त्यांनी हातभर उंचीचा नमुना करूनच ठेवला होता. बाप्पा बोर्डवर ऐटीत उभे, खाली खऱ्या बेअरिंगची चाकं. आणि पुढे उंदीर, खांद्यावर दोरी घेऊन बोर्ड ओढतोय!

"ताई, हा कशाला ओढतोय?"

"मंग कोन ओढन?" त्या म्हणाल्या. "चाकाची पाटी हाय, बैल नाई. वाहन तं हेच हाय ना देवाचं?"

काका पहिल्यांदा खुश झाले. मग त्यांनी बोटाने बाप्पाला हलकेच ढकललं. उंदरासकट मूर्ती टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला निघाली. मी झडप घालून धरली.

"रमेश," काका म्हणाले, "याले ब्रेक कुठं हाय?"

"ब्रेक नसतो काका."

"पस्तीस वर्षं गाडी चालवली मी. बिनब्रेकच्या गाडीवर देव बसवू?"

कमलताई म्हणाल्या, चाकं मातीचीच करते, पक्की. पण मग ते कंपासपेटीवरचं नुसतं चित्रच झालं. मी नाही म्हटलं. गार्गीचा बोर्ड सोबत आणायला हवा होता, पण दोन दिवस ती तो सोडेना. शेवटी तिला व्हिडिओ कॉल लावून फोन काकांच्या हाती दिला.

"गाडी थांबवतं कशी, पोरी?"

"हे मागचं टोक दिसतं ना आजोबा? ते पायाने दाबायचं. जमिनीला टेकतं, पुढची चाकं वर. बोर्ड जागच्या जागी."

"उतारावर?"

"उतारावर पण."

"परत दाखव." तिने दाखवलं. "अजून एक डाव." तिने सात वेळा दाखवलं. डेपोत नवीन गाडी ताब्यात घ्यावी तशी काकांनी तपासणी केली. मग कमलताईंना म्हणाले, "मागचं टोक टेकवा बरं."

ताईंनी ओल्या मातीतच बाप्पांचा मागचा पाय टोकावर सरकवला, दोरी तोडली. "अन् याचं काय?" उंदीर त्यांच्या तळहातावर होता.

"पुढं बसू द्या," फोनवरून गार्गी म्हणाली, "हेल्मेट घालून."

"पुढं नाई!" काका गरजले. "लोड पुढं गेला तं चाकं खाली येतीन. मांगं बसवा त्याले, टोकावर. ब्रेक तोच दाबन."

उंदीर मागे बसला. काकांनी पुढच्या चाकाला टिचकी मारली. चाक हवेत गरगर फिरलं. बाप्पा जागचे हलले नाहीत. काकांनी हात जोडले, मग मला म्हणाले, "भूक लागली बावा." कमलताईंनी पिठलं, भाकरी आणि ठेचा वाढला. असं जेवण अकोटच्या कुठल्या हॉटेलात मिळतं हे मला विचारू नका.

घरी आल्यावर आठवडाभर मी दुकानातल्या त्या सॅक पाहत होतो. इतकी वर्षं चित्र विकलं, यावर उभं कोण राहतं हे कधी विचारलं नाही. आता सॅक बनवणाऱ्या कंपनीला सांगितलंय, माकड हटवा, बोर्डवर मुलगी काढून पाठवा. ते हसले. मी पुन्हा फोन करणार आहे.

रविवारी बैठक. मी बोलायच्या आत मागून कोणीतरी म्हणालं, "अन् प्रतिष्ठापना झाल्यावर मूर्ती हलली तं?"

काका उठले. गार्गीकडून बोर्ड मागून घेतला, चपला काढल्या. एका पायाने मागचं टोक दाबलं, दुसरा बोर्डवर ठेवला. चौघी पोरी आधार द्यायला धावल्या, त्यांना हाताने थांबवलं. धोतराचा सोगा सावरून, छाती काढून, त्या विचारणाऱ्याकडे पाहत ते उभे राहिले.

"नीट पाह्य रे," काका म्हणाले. "हलून राहिलो का मी?"