स्पिंडलवरची दुसरी खूण

"बाई, आजपण सहा नग वाया गेले," विजयशेठ फोनवर म्हणाले. सलग चौथा दिवस. हातातला चहा तसाच ठेवून मी स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. निवृत्त झाले, पण स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून कुंभिवलीतल्या विजयशेठच्या वर्कशॉपमधलं जुनं, हाताने चालणारं लेथ मशीन सीएनसी करायचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालवायचं, काम अंगावर घेतलं. मोटरी विकत आणल्या. त्यांना हुकूम देणारी बोर्डं मात्र भिसेगावात, घरच्या जेवणाच्या टेबलावर मी स्वतः सोल्डर केली आणि एका काळ्या डब्यात बसवली.

हे सगळं दत्तारामसाठी होतं. त्याने उभा जन्म त्या लेथवर काढला आणि आता त्याचा उजवा खांदा गेला होता. हँडल फिरवणं जमेना. शेठनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "हे जमलं तर दत्ताराम राहील. नाहीतर मी तयार सीएनसी घेतो. त्याच्यावर शिकलेला ऑपरेटर लागतो."

बिघाड आटे पाडताना यायचा. बोल्टवरचे आटे एका कटमध्ये पडत नाहीत. टूल चार-पाच वेळा त्याच वाटेने फिरतं, आणि प्रत्येक कट त्याच जागी सुरू व्हावा लागतो. ती जागा कळावी म्हणून स्पिंडलच्या, म्हणजे कापायचा तुकडा फिरवणाऱ्या दांड्याच्या, मागच्या टोकाला मी काळी रिंग बसवली होती. तिच्यावर एकच पांढरी पट्टी. समोर इन्फ्रारेड सेन्सर. पट्टी समोर आली की सेन्सर सांगतो, फेरा सुरू झाला.

मी पोचेपर्यंत बारा वाजायचे. बारा वाजता मशीन शहाण्यासारखं चालायचं. मी वायर बदलली, शील्डवाली घातली. अर्थिंग नवं केलं. एक अख्खं बोर्ड पुन्हा बनवलं. दर वेळी माझ्यासमोर दहा नग बिनचूक निघायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. जेवणात लक्ष लागेना. भाजी चिरतानाही डोक्यात सर्किट फिरत होतं.

त्या दिवशी शेठ वैतागले. "बाई असल्या की चालतं, नसल्या की बिघडतं. हे काय गौडबंगाल?"

मीही वैतागलेलीच होते. पटकन बोलून गेले, "बोर्डात दोष नाही. सकाळी कोणीतरी काहीतरी करतंय."

सकाळी मशीनवर एकटा दत्ताराम असायचा. संध्याकाळी शेठचा फोन आला, "दत्तारामला सांगितलं, उद्याचा दिवस भर आणि सोमवारपासून घरी राहा."

मी त्याला काही करताना पाहिलं होतं का? नाही. मोजलं होतं का? तेही नाही. मुलांना जन्मभर एकच सांगत आले, आधी मोजा, मग बोला.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉप उघडायच्या आधीच दारात हजर होते. दत्तारामने मला पाहिलं, मान हलवली, चप्पल बाहेर काढली. मशीन पुसलं. मग एका वाटीत कुंकू तेलात कालवलं. एक टिळा मशीनच्या तोंडाला, म्हणजे तुकडा पकडणाऱ्या चकवर. एक माझ्या काळ्या डब्याला. मग तो मागे गेला आणि तिसरा टिळा थेट माझ्या काळ्या रिंगवर लावला.

"दत्ताराम, तिथे का?"

"नवीन बसवलंय ना, बाई. नव्या वस्तूला मान नको?"

माझ्या लक्षात आलं. आपल्या डोळ्यांना कुंकू लाल. इन्फ्रारेड सेन्सरला ते पांढऱ्या पट्टीसारखंच चमकदार दिसतं. एका फेऱ्यात दोन खुणा. टूल कधी या खुणेवर सुटायचं, कधी त्या. फिरून फिरून दुपारपर्यंत तेल-कुंकू उडून जायचं, आणि तेव्हा मी उगवायचे!

मी रिंग पुसली. सकाळचे पहिले बारा नग माप तपासायच्या गेजमध्ये अचूक बसले. रिंगवर पत्र्याचं झाकण ठोकलं आणि शेठना बोलावून दत्तारामसमोरच सांगितलं, "चूक माझी. सेन्सर उघडा ठेवला. याचा काही दोष नाही."

शेठ हसले. "राहू दे मग. दत्ताराम, सोमवारी ये."

दत्ताराम हसला नाही. शेठ गेल्यावर त्याने विचारलं, "कोणीतरी करतंय, असं तुमीच बोलल्या ना?"

"हो. मीच बोलले."

"मला इचारलं असतं तर मी सांगितलं नसतं काय? चोरून थोडाच लावत व्हतो?"

त्याने फडकं घेतलं आणि माझ्या डब्यावरचा टिळा नीट पुसून काढला.

मशीन त्या दिवसापासून बिनतक्रार चालतंय, दत्तारामही कामावर आहे. धडा म्हणाल तर, बिघाड शोधताना मल्टिमीटर लावायच्या आधी माणसाला विचारावं. रोज सकाळी चकवर टिळा लागतो, रिंगच्या झाकणालाही लागतो. काही ना काही निमित्त काढून मी कुंभिवलीला जाते आणि गेले की आधी काळ्या डब्याकडे बघते. तो अजून कोराच आहे.