दोन वराती आणि एक विडा

आमच्या नाट्यसंस्थेतल्या तरुण मुलांना घेऊन संगीत नाटक बसवायचं ठरवलं, तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "घरात डोकेदुखी कमी पडते का तुला?" मी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

नाटक मीच लिहिलं होतं. अरुंद बोळात दोन वराती समोरासमोर येतात आणि मागं सरायला कुणीच तयार होत नाही, एवढीच गोष्ट. बाकी सगळी गाणी, नाच आणि ढोलकी. शेवटी एका वरातीतला नवरदेवाचा भाऊ दुसरीतल्या करवलीला विडा भरवतो, ती हसते आणि वाट मोकळी होते.

करवली झालेली मुलगी शहरातल्या राजारामपुरीतली. लहानपणापासून गाणं शिकलेली. सूर पक्का आणि जीभ त्याहून पक्की. नवरदेवाचा भाऊ मूळचा शाहूवाडीकडच्या खेड्यातला, शिरोली एमआयडीसीत कामाला. शिफ्ट संपली की तसाच तालमीला यायचा. आवाज खणखणीत, पण वरच्या पट्टीत गेला की कुठं उतरेल याचा नेम नाही.

तालमीचा हॉल एका क्लासच्या डोक्यावर होता. क्लासचे सर सारखे जिना चढून यायचे आणि "जरा हळू करा" म्हणून जायचे. दोन वराती, ढोलकी आणि बोंबाबोंब हळू कशी करायची, ते काही सांगायचे नाहीत.

एका संध्याकाळी नवरदेवाचा भाऊ पुन्हा भलत्याच सुरात गेला. करवली गाणं थांबवून सगळ्यांसमोर म्हणाली, "तू गातोस की म्हशी हाकतोस?"

पोरं खदाखदा हसली. त्याच्या आईनं म्हशींच्या दुधावर त्याला शिकवलं होतं, हे मला ठाऊक होतं. तिला नसावं. तो तिच्याकडं वळला. मग म्हणाला, "आमच्या म्हशी बऱ्या हायत. हाक मारली तर वळून तरी बघत्यात."

झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

एकमेकांना चिडवायचं गाणं दोघंही माझ्याकडं बघून म्हणू लागले. हातभर अंतरावर उभं राहून ती मला सांगायची, "ताई, त्याला सांगा, माझी ओळ संपू दे."

"ताई, तिला म्हणावं, संपव की मग कवातरी!"

मी तिला बाजूला घेतलं. "माफी माग आणि विषय संपव."

"मी गंमत केली होती ताई. त्यात माफी कसली?"

त्याला बाजूला घेतलं. "राग आलाय का?"

"न्हाय."

"मग बोल की तिच्याशी."

"बोलण्यासारखं काय हाय त्यात?"

मी समजावलं, ओरडले, एक दिवस तर पर्स उचलून घरी निघून आले. कुणी बोलवायलाही आलं नाही. ढोलकीवाल्या मामांचं उभं आयुष्य नाटकमंडळींत गेलेलं. ते म्हणाले, "बाई, एकतर नाटक बंद करा, न्हायतर ह्या दोघांचं लगीन लावा. मधलं काय जमणार न्हाय."

नाटक बंद करणं शक्य नव्हतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

प्रयोगाला सभागृह भरलं. पहिली गाणी रंगली, शिट्ट्या पडल्या, माझा जीव जरा भांड्यात पडला. मग शेवटचा प्रसंग आला. त्यानं विडा पुढं केला. तिनं तोंड उघडलं नाही.

मामांनी तोच ठेका पुन्हा धरला. विडा तसाच. विंगेत मी दात-ओठ खात उभी. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "खा की गं!"

तो हळूच, पण माइकला ऐकू जाईल असं म्हणाला, "खा. हात दुखायला लागला."

"आधी चुकलो म्हण."

"मी? म्हशीवर कोण गेलतं?"

माझ्या नाटकात म्हैस कुठंच नव्हती. पण लोकांना काय माहीत! ते हसायला लागले. तिनं पदर खोचला. "म्हशीची माफी मागते. तुझी नाही."

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. हा पठ्ठ्या तिच्याकडं बघत राहिला आणि विडा स्वतःच्याच तोंडात टाकून मोकळा झाला. मामांनी जोरात थाप मारली, कोरसला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी शेवटचं गाणं उचललं आणि दोन्ही वराती एकमेकींना धक्के देत पार झाल्या. पडदा पडला.

मी दोघांना फाडून खायला निघाले, तर आयोजक वाटेतच आडवे आले. "मॅडम, शेवट काय लिहिलाय! पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात हाच प्रयोग पाहिजे. शेवट असाच, बरं का."

नाही कसं म्हणणार? घरी बसून मी ते भांडण आठवेल तसं संहितेत लिहून काढलं. पुढच्या तालमीला दोघांच्या हातात कागद दिले. तिनं पहिली ओळ वाचली, "आधी चुकलो म्हण." तो कागद न बघताच "चुकलो" म्हणाला आणि दोघं फिसकन हसली.

मधल्या दिवसांत दोघं बोलायला लागली होती. कधी, कशावरून, कुणी मला सांगितलं नाही. निरोप पोचवायला एवढे दिवस मी लागत होते. समेटाच्या वेळी माझी आठवणही नाही.

"अरे, भांडा!" मी ओरडले.

"भांडतोय की, ताई," तो म्हणाला आणि पुन्हा हसायला लागला. तिनं तोंडावर ओढणी धरली. खालून क्लासचे सर जिना चढत असल्याचा आवाज आला.

दुसरा प्रयोग जेमतेमच झाला. त्या प्रसंगाला दोघं इतक्या प्रेमानं भांडली, की लोकांना कुणाचीच बाजू घेता येईना. आयोजक मला म्हणाले, "मागच्या वेळी जरा जास्त रंगलं होतं, नाही?"

मामा शेजारी ढोलकीला गवसणी घालत होते. ते म्हणाले, "पावणं, सारखं सारखं कोण मनापासून भांडंल?"