भाषणात मी थांबलो तेव्हा

भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर खोडत आलो. वर्तमानपत्रातली नोकरी, त्यात इतिहासाचा नाद... पुरावा नाही तर गोष्ट नाही, हा माझा खाक्या. उमेदवारीच्या काळात चौलच्या एका विहिरीपाशी हडळ रडते अशी आवई उठली होती. मी तिथे जाऊन बसलो आणि निघालं ऊदमांजर! ती बातमीही मीच दिली. तेव्हा पुढे जे लिहितोय ते कुणी हसण्यावारी नेलं तरी माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच केलं असतं.

माझं घर चौलचं, नारळी-पोफळीच्या वाडीतलं. वीसच्या दशकात अलिबागेहून मुंबईच्या एका दैनिकाला बातम्या धाडता धाडता मी त्यांच्या कचेरीतच चिकटलो. बायको इंदू रेवदंड्याची. ते गाव पोर्तुगीजांच्या जुन्या तटबंदीच्या आतच वसलेलं, त्यामुळे सुटीत सासुरवाडीला गेलो की माझी चंगळ. मी तट मोजायचो, फितीचं दुसरं टोक इंदू धरायची. "लग्न माझ्याशी केलंत की या भिंतीशी?" असं विचारायची, पण टोक सोडायची नाही.

तिला मुंबईत विषमज्वर झाला. भर पावसाळा, रेवसहून मुंबईला येणारी लाँच बंद. तिची आई रेवदंड्याहून निघूच शकली नाही. इस्पितळात शेवटच्या दुपारी मी एकटाच तिच्याजवळ होतो. तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. माझा हात चाचपून ती म्हणाली, "आये?"

मी म्हणालो, "व्हय गं बाये, मी हाय. नीज."

तिच्या आईच्या बोलीत. तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. ती निजली, ती निजलीच.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. सासूबाईंनाही नाही — त्यांना मी मामी म्हणायचो. इंदू त्यांची एकुलती. त्यांनी काही विचारलं नाही, आणि त्या वर्षात त्यांचे कानही पार गेले. मी मुंबईतलं बिऱ्हाड मोडून एका खोलीत राहू लागलो. कचेरी, खाणावळ, खोली. प्रुफं तपासताना छापखान्यात होईल तेवढंच माझं बोलणं.

मग मुंबईत रेडिओ आला. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासावर बोलणारा कुणीतरी हवा होता, मला बोलावलं. जाड पडद्यांची खोली, समोर मायक्रोफोन, वर लाल दिवा. ऐकणारं एकही माणूस दिसत नाही. सभेत निदान कुणी खोकतं तरी! तिथे वाटायचं, आपण रिकाम्या देवळात कीर्तन करतोय.

त्या संध्याकाळचा विषय होता — पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द आपल्या तोंडात कसे राहिले. पाव, बटाटा, चावी, पगार. शेवटचं वाक्य होतं, "माणसं जातात, पण त्यांचे शब्द मागे राहतात." मी "माणसं जातात" म्हणालो आणि माझा आवाजच बंद झाला. डोक्यात फक्त ते "आये?" आणि माझं उत्तर... काचेपलीकडचा माणूस घाबरून हातवारे करू लागला, तेव्हा कुठे उरलेलं वाक्य वाचलं. भाषण कुठे छापलं गेलं नव्हतं. आणि मधलं थांबणं तर छापण्यातलं नव्हतंच.

पुढच्याच सुटीला रेवदंड्याला गेलो. मामी पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी पाया पडलो. एरवी त्या हातानेच बसायला सांगत, की झालं. त्या दिवशी मान वर न करता म्हणाल्या,

"काय वो जावयबुवा, चावी पन फिरंग्यांचीच?"

मी वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"न् पगार? मंग आपलं काय व्हतं म्हनायचं?"

त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडलो, "मामी, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगंल कोन? तुमीच बोलत व्हतात. तिनिसांजेला दिवा लावला, न् हितंच बसल्ये व्हते. तुमचा आवाज आला. लय दिसांनी माज्या कानात काय तरी आलं." त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "मंग तुमी गप झालात. मान्सं जातात म्हनालात, न् गप. तवा इंदी म्हनाली, आये. न् तुमी म्हनालात, व्हय गं बाये, मी हाय, नीज."

मी तिथेच पायरीवर बसलो.

"बरं केलंत," मामी म्हणाल्या. "पोरीनं हाक मारली आसंल न् कुनी ओ दिली नसंल, ह्येच मला खात व्हतं."

मग सूप बाजूला ठेवून त्यांनी आपला कान माझ्याकडे केला. "कशी मारली हाक? मारून दावा."

माझा तो घोगरा, पुरुषी आवाज... तरी मी इंदूसारखं म्हणून बघितलं. "आये?"

"ओ," मामी म्हणाल्या. डोळे मिटून. ती ओ मला नव्हती.

मी पत्रकार; चौकशी केल्याशिवाय राहवेना. रेवदंड्यात रेडिओचा संच नव्हता. अलिबागेत एका वकिलांकडे होता, त्यांना गाठलं. ते म्हणाले, "मध्ये काय झालं हो? आम्हाला वाटलं, बॅटरी उतरली. नुसती खरखर." त्यांच्याकडून रेवदंड्यात कुणी गेलं नव्हतं. इस्पितळातलं कुणी गावात आलं होतं का, तेही विचारून पाहिलं. कुणी नाही. आणि बहिऱ्या बाईला चावी-पगाराचं कुणी ओरडून सांगितलं असतं, तर अर्ध्या आळीला ठाऊक झालं असतं.

मामी त्यानंतर काही वर्षं होत्या. माझी भाषणं चालूच राहिली. एकदा तर मी मुद्दाम मध्येच थांबलो, आणि त्या खोलीत, त्या लाल दिव्याखाली, इंदूला मनात खूप काही सांगितलं. सुटी मिळताच रेवदंडा गाठून मामींच्या कानाशी ओरडलो, "ऐकलंत का काही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं, मला काय हवं होतं ते.

"न्हाय वो," त्या म्हणाल्या. "काय सांगितलंत तिला?"