पालीची साक्ष

देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन कालपासून सापडत नव्हतं. संध्याकाळी मी ट्यूबलाइट लावली आणि सासूबाई म्हणाल्या, "मला विचारशील तर हे काम नंदाचंच." नंदा आमच्याकडे पोळ्या करायला येते. तेवढ्यात ट्यूबलाइटमागची पाल चुकचुकली. सासूबाईंनी लगेच बोटाने जमिनीवर टकटक केलं. "कृष्ण कृष्ण! बघ, खरं आहे म्हणून बोलली."

झालं, लागला निकाल.

ही पाल रोज याच वेळी चुकचुकते. दिवा लागला की किडे येतात आणि किड्यांमागे ती येते. परवा टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू असताना चुकचुकली, तेव्हा कोणी जमिनीवर टकटक केलं नाही. मला तर दाट संशय आहे, की माणूस सत्य शोधायला निघतच नाही. निकाल तो घरीच ठरवतो आणि मग साक्षीदार शोधायला बाहेर पडतो. साक्षीदाराला बोलता येत नसलं तर फारच उत्तम, उलटतपासणीची भीती नाही.

सासूबाईंना हे सांगण्यात अर्थ नव्हता. त्या आत गेल्यावर मी भिंतीकडे बघत मोठ्याने म्हणाले, "नंदाने नाही घेतलेलं."

आणि कान देऊन उभी राहिले. पाल गप्प होती. मी आणखी थोडा वेळ थांबले. ती गप्पच राहिली.

सकाळी नंदा आली. हसली, नेहमीसारखी पिशवी ओट्याखाली ठेवून कणीक मळायला लागली. माझी नजर काही त्या पिशवीवरून हलेना.