कुसुमकाकू आणि घाटी

“मी जाडी आहे हे बघून झालं असेल, तर आत ये.”

लग्न होऊन रत्नागिरीच्या या वाडीत आले, तेव्हा शेजारच्या कुसुमकाकूंनी माझं असं स्वागत केलं. मग खुर्चीचे दोन्ही हात धरून, श्वास गोळा करून त्या उठल्या आणि चहा टाकला. दुसऱ्याने बोलायच्या आत त्या स्वतःच बोलून मोकळ्या व्हायच्या.

त्यांचं माहेर वाडीतच, पण घाटीच्या, म्हणजे उभ्या चढणीच्या वाटेच्या, वर. त्या चिऱ्यांच्या पायऱ्या गुडघ्यांमुळे कधीच सुटल्या होत्या. गणपतीत आमची सगळी वाडी घरोघर आरती करत फिरते; काकू मात्र ओटीवर बसून माहेरच्या झांजा नुसत्या ऐकायच्या. पुढे साखर वाढली, धाप वाढली. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल, मुंबईच्या डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. काका हबकलेच.

“धडधाकट पोट कापून घेतं काय गो कोणी?”

“गुडघे धडधाकट असते, तर ऐकलं असतं तुमचं.”

ऑपरेशन झालं आणि आतला टाका सुटला. ताप, पू, लगोलग दुसरं ऑपरेशन. नाकात नळी घातलेल्या काकूंना बघून मला त्यांच्या हट्टाचा भयंकर राग आला. त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “शिवण उसवली म्हणून झंपर टाकून देतात काय? परत घालतात.”

पुढच्या गणपतीपर्यंत काकू निम्म्या झाल्या होत्या. केसही विरळ झाले होते. जेवण वाटीभर, आणि गोड अजिबात नको, लहान केलेल्या पोटाला ते सोसत नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. पण प्रसादाला नाही कोण म्हणणार? पहिल्या घरी मोदक, दुसऱ्या घरी खिरापत, तिसऱ्या घरी पेढा. तिथेच त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली. मी त्यांना ओटीवर आडवं केलं. मंडळी पुढे गेली.

“पुरे झालं. चल घरी,” काका म्हणाले.

“चूक माझी. आता प्रसाद डोळ्यांना लावीन, तोंडाला नाही.” बरं वाटल्यावर काकूंनी घाम टिपला आणि त्या घाटीकडे वळल्या. दर वळणावर त्या थांबत होत्या. मी हात पुढे केला. “धरू नको. पडले, तर मग धर.”

वर पोचलो तेव्हा आरती आटोपून लोक चपला शोधत होते. काकूंचे थोरले भाऊ दारातच थक्क.

“कुसुम, तू? बस आधी. आरती झाली गो.”

“झाली तर परत करा,” काकू चौकट धरून म्हणाल्या. “मी आलेय.”

कोणी हसलं नाही. मंडळी चपला सोडून पुन्हा आत वळली, आणि भाऊंनी निरांजनात तूप घातलं.