पंख्याचे पैसे प्रचारात

"जिनिंग कामगार युनियनतर्फे साहेबांच्या प्रचाराला एकावन्न हजारांची मदत!" माईकवरचा माणूस ओरडला आणि टाळ्या पडल्या. आम्ही बायकांनीही वाजवल्या. मग शेजारची शेवंताबाई थांबली.

"जिनिंगची म्हंजे कोनची वं? आपलीच का?"

आपलीच होती. आमच्या युनियनचे अध्यक्ष गावंडेभाऊ स्टेजवर उमेदवाराला हार घालत होते. बाजूच्या खुर्चीत आमचे शेठ बसले होते. शेठनं किती दिले ते कोणी सांगितलं नाही. पण दिग्रसच्या त्या मैदानावर आम्हाला मिलच्याच गाड्यांनी आणलं होतं. दुपारीच मशीन बंद केली होती. मॅनेजर म्हणाले होते, "सभेले गेल्या तं पुरी हजेरी, नाई तं अर्धी."

मी जिनिंगमध्ये अकरा वर्षं आहे. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी काढायची. उरते ती रुई. तिच्या गाठी बांधतात. कापूस मशीनवर जायच्या आधी आम्ही बायका त्यातली कवडी वेचतो. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. शेडमध्ये सारखे बारीक तंतू उडतात. तोंडाला पदर बांधला तरी नाकात जातात.

शेवंताबाईला दोन वर्षांपासून खोकला आहे. टोपली उचलली की तिला बोलता येत नाही. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं, धूळ बंद करा नाही तर काम बंद करा. काम बंद करणं तिला परवडणारं नव्हतं. म्हणून आम्ही शेडला एक्झॉस्ट मागितला. म्हणजे धूळ बाहेर ओढणारा मोठा पंखा. मॅनेजर दोन सीझन एकच सांगत होते, "मंदी आहे, शेठ नाई म्हनतात." शेवटी गावंडेभाऊ म्हणाले, अर्धे पैसे आपण जमवू, अर्ध्यांसाठी शेठवर जोर लावू. तेव्हापासून दर शनिवारी पगार झाला की प्रत्येक बाई युनियनकडे पैसे देत होती. तेच पैसे प्रचारात गेले.

मी चारचौघांत बोलत नाही. हजेरीला नाव घेतलं तरी 'हो' हळूच म्हणते. पण दुसऱ्या दिवशी शेवंताबाईला घेऊन मी युनियनच्या ऑफिसात गेले.

"भाऊ, ते पंख्याचे पैसे होते."

"पैसे युनियनचे असतात, ताई. अन् ठराव झाला ना रीतसर."

"कवा झाला?"

त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. नावं माझ्याच अक्षरात होती. प्रत्येक नावापुढे अंगठा होता.

आमच्यात बहुतेक बायका अंगठा देतात. मी चौथी शिकलेली, म्हणून यादी मी लिहिते. दिवाळीनंतर भाऊंनी पान दिलं होतं. वरचा अर्धा भाग कोरा होता. म्हणाले होते, मीटिंगची हजेरी आहे, वर मी लिहून घेतो. मीच बायकांना हाका मारून अंगठे घेतले होते. शाईच्या बोटांनी एकमेकींना टिळे लावून आम्ही हसलो होतो. त्याच कोऱ्या भागात आता प्रचाराला एकावन्न हजार द्यायचा ठराव होता.

"ही तं हजेरी होती, भाऊ."

"हजेरीबिगर ठराव होते का?" भाऊ हसले. "आपला मानूस निवडून आला तं एक काय, दहा पंखे लागतीन."

"शेठनंबी त्यालेच देले ना?"

"देले असतीन."

"मंग पंख्यावरून आपलं अन् शेठचं भांडन झालं तं तो कोनाकडून बोलन?"

"राजकारण समजाले टाइम लागते, ताई."

"खोकला समजाले नाई लागत," शेवंताबाई म्हणाली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

मी मॅनेजरलाही विचारलं. ते म्हणाले, "शेठचे पैसे हायेत, कोनालेबी देतीन." मग मंदी कुठं गेली? पंखा मागितला की मंदी असते. गाड्या, हार, मांडव लागला की नसते. आणि शेठचे म्हणतात ते पैसे त्या शेडमधूनच निघतात, जिथं आम्ही धूळ खातो.

मी बंजारा तांड्यावरची आहे. आमच्या तांड्यात देवाला साधा बकरा आणायचा असला तरी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारात सगळी घरं बसतात. नायक एकेका घराला विचारतो. शेवटचं घर 'हो' म्हणेपर्यंत बकरा येत नाही. कधी त्यात दिवस जातो. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी तेच केलं. ठराव उतरवून आणला होता, तो शेडमध्ये वाचून दाखवला. मग एकेकीला विचारलं, तू हो म्हटलं होतं का? एकही 'हो' निघाला नाही.

आमच्यातली ठाकूबाई तर त्याच उमेदवाराची माणूस. ती म्हणाली, "मत मी त्यालेच देईन, माह्या हातानं. पन माह्या नावानं पैसे देनारा गावंडे कोन?"

आम्ही अर्ज लिहिला, पंधरा दिवसांच्या आत पैसे परत करा म्हणून. भाऊंनी तो घेतला आणि खिशात घातला. पैसे आले नाहीत. आम्ही शनिवारची वर्गणी बंद केली.

उमेदवार निवडून आला. आभार मानायला मिलमध्ये आला. एका बाजूला शेठ, दुसऱ्या बाजूला गावंडेभाऊ. शेडच्या दारातच त्यानं नाकाला रुमाल लावला. "फार धूळ आहे हो इथं," म्हणाला. शेठ हसले, भाऊही हसले, आणि तिघं चहाला ऑफिसात गेले.

शेवंताबाईनं संक्रांतीनंतर काम सोडलं. पंखा अजून लागलेला नाही. गावंडेभाऊ हल्ली मला 'पुढारीन बाई' म्हणतात. म्हणू दे.

कोणाला निवडून आणायचं असेल तर शेठनं घरचं द्यावं, भाऊंनी खिशातलं द्यावं. आमच्या नावानं द्यायचं असेल तर आधी आम्हाला विचारावं, एकेकीला. वेळ लागेल. धूळ ओढणारा पंखा मागून आम्हाला तिसरा सीझन चालू आहे, तेव्हा वेळेची घाई कोणी आम्हाला सांगू नये.