शिंप्याच्या घराची भिंत

गावात एसी, कूलर, गीझर, हीटर, काहीही बंद पडलं की बोलावणं एकाच माणसाला जायचं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत आणि तिला मिस्त्रीची बायको. नवऱ्याच्या धंद्याशी तिचा संबंध डबा भरून देण्यापुरता. उंचीची तर तिला अशी धास्ती, की माळ्यावरची बरणी काढायलासुद्धा ती शेजारणीला हाक मारी.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर मिस्त्री शिंप्याच्या घरी एसी बसवायला गेला. शिंप्याची म्हातारी आई वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत राहायची आणि दुपारी तिची अक्षरशः लाही व्हायची. मिस्त्रीने बाहेरच्या भिंतीत लोखंडी अँगल बोल्टने बसवला, त्यावर युनिट चढवलं, आणि तांब्याची नळी जोडायला म्हणून तो जरा पुढे रेलला. अँगल भिंतीतून निसटला. मिस्त्री, अँगल आणि युनिट, तिन्ही गल्लीत आले.

जीव वाचला. कमरेखालचं अंग मात्र गेलं ते गेलंच.

शिंपी तसा वाईट माणूस नव्हता, पण घाबरला. आपल्या घराचं नाव निघू नये म्हणून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला, "घाई होती हो त्याला. बोल्ट नीट आवळलेच नसतील." गोष्ट गावभर फिरून मिस्त्रीच्या घरी आली. लोकांनी ती मानली याचं तिला फार वाटलं नाही. लोक काय, आज हे बोलतात, उद्या ते. पण नवऱ्यानेही ती मानली.

"मी बोल्ट आवळले होते का गं?" तो पडल्या पडल्या विचारी.

"आवळले असणार की."

"असणार म्हणजे नक्की नाही."

ती कुठे तिथे होती?

घर तर चालायला हवं होतं. लोक बिघडलेले कूलर दारात आणून टाकायचे. तो खाटेवरून सांगायचा आणि ती खोलायची. पंप बदलता आला, मग पंख्याची मोटर, मग हीटरची कॉइल. शेवटी एकदा दवाखान्याचा एसी बंद पडला आणि शिडी चढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तिने नवऱ्याची जुनी पँट कमरेला आवळली. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"घरातलं एक माणूस पडलं तेवढं पुरे नाही का झालं?"

"मी दोर बांधून चढते, आई."

"आणि दोर कोण धरणार?"

"गच्चीच्या खांबाला बांधीन. खांब काही चहा प्यायला जात नाही."

सासूबाईंना हसू आलं, म्हणून त्या बाजूला झाल्या. खाली न बघता, एकेक पायरी मोजत ती शिडी चढली आणि काम झालं. पुढे पुढे लोक तिलाच बोलवायला लागले. मिस्त्रीच्या बायकोची मिस्त्रीणबाई झाली, आणि घरात मिस्त्री गप्प गप्प होत गेला. काही अडलं म्हणून ती विचारायला बसली की तोंड फिरवून म्हणायचा, "तुला येतं की आता सगळं. मला कशाला विचारतेस?" हे तिला शिडीपेक्षा जड जायचं.

असे काही उन्हाळे गेले. मग एका सकाळी शिंपी दारात येऊन उभा राहिला. आत यायचा धीर त्याला होईना.

"वहिनी, आईने अंथरूण धरलंय. वरच्या खोलीत नुसती भट्टी आहे. कोणत्या तोंडाने आलो म्हणाल, पण दुसरं आहे कोण?"

ती काही बोलायच्या आत मिस्त्री म्हणाला, "जा तू. म्हातारीने काय केलंय आपलं?" आणि थोडं थांबून, "मी पण येतो."

त्या गल्लीत तो तेव्हापासून गेला नव्हता. तिने त्याची चाकांची खुर्ची ढकलत नेली. समोरच्या घराच्या सावलीत ब्रेक लावून ती दोर बांधून वर चढली. जुन्या अँगलची भोकं तशीच होती. त्यांच्यापासून हातभर लांब तिने ड्रिल लावलं आणि ते पिठात बोट शिरावं तसं आत गेलं. तिने हातोडीने ठोकून पाहिलं. आवाज पोकळ. छिन्नी मारली तसा गिलाव्याचा पोपडा सुटला. आत विटा म्हणून नव्हत्याच. गच्चीच्या फुटक्या पाइपाचं पाणी वर्षानुवर्षं मुरून विटांची माती झाली होती.

"काका, तो जुना अँगल कुठे आहे?" तिने वरूनच शिंप्याला विचारलं.

"असेल गच्चीवर, अडगळीत."

तिने तो शोधला, खाली आणला आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. बोल्ट पुरता आवळला की त्याच्याभोवतीची लोखंडी नळी आतल्या आत फुलते आणि भिंत धरून बसते. ढिला राहिला तर ती सरळच राहते. मिस्त्रीने अँगलमध्ये अजून अडकलेल्या एकेका बोल्टवरून अंगठा फिरवला. नळ्यांना विटेचा चुरा अजून चिकटलेला होता.

"फुलल्यात गं," तो म्हणाला. "सगळ्या फुलल्यात."

त्याचा आवाज एवढा लहान झाला, की तिला खाली वाकून ऐकावं लागलं.

शिंपी उघड्या पडलेल्या भिंतीकडे बघत पायरीवर बसला. "मला भिंतीच्या आतलं दिसलं नव्हतं हो, वहिनी."

"दिसलं नव्हतं, तर बोलायचं नव्हतं, काका."

एवढंच बोलून तिने हत्यारं उचलली. त्या भिंतीवर आता काही टांगण्यात अर्थ नव्हता. तिने नवऱ्याला विचारलं, "कुठे बसवू?"

या वेळी त्याने तोंड फिरवलं नाही. मान वर करून बराच वेळ घर न्याहाळलं. "गच्चीवर स्टँड कर आणि नळी खिडकीच्या वरून आत घे. वाक मोठा ठेव, नाहीतर तांबं मुडपेल."

संध्याकाळपर्यंत खोली गार झाली. म्हातारीने अंगावर चादर मागून घेतली.

परतीच्या वाटेवर मिस्त्री रडला. तिने खुर्ची एका बंद दुकानाच्या कडेला लावली आणि त्याचं आवरेपर्यंत ती रस्त्याकडे तोंड करून, त्याला आडोसा होईल अशी उभी राहिली.

म्हातारी थंडी सुरू व्हायच्या आधी गेली, त्याच खोलीत, झोपेत. शिंप्याने दुकानात खरं काय ते सांगितलं म्हणतात. पण तोवर गाव दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होतं. मिस्त्रीचे पाय काही परत आले नाहीत. मात्र त्याने सुताराकडून टेबलाचे पाय कापून घेतले, खुर्चीला लागतील एवढे, आणि एसीची जळकी सर्किटं दुरुस्त करायला घेतली. शेजारच्या गावांतूनही सर्किटं येतात. दुपारी ती कामावरून आली की दोघं त्या बुटक्या टेबलाशी बसून जेवतात, आणि कुणाचं मशीन कसं बिघडलं यावर हुज्जत घालतात.